कारलं निर्यात करायचं तर आधी फळमाशी समजून घ्या

सध्या व्यापार कराराच्या बातम्या एकामागून एक येतायत. 2022 च्या 1 मे पासून संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार लागू झाला, 24 जुलै 2025 ला ब्रिटनबरोबर सही झाली, आणि प्रत्येक वेळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर तोच मेसेज फिरतो की आता आपली भाजी थेट परदेशी पाठवा, कर नाही काही नाही. मग कोणीतरी विचारतं, आपण कारलं लावलं तर? गोव्यात वेल चांगला येतो, आखातात आपले इतके लोक आहेत, मोपाला विमानतळ झालाय, मग अडतंय कुठे?

अडतं ते एका माशीपाशी. पिकवणं, पॅकिंग, कागदपत्रं हे सगळं शिकता येतं आणि पैसे टाकून करताही येतं, पण कारल्याच्या सालीखाली अंडी घालणारी माशी जोपर्यंत आख्ख्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीभर, आटोक्यात नाही तोपर्यंत निर्यात हा विषय बोलण्यापुरताच राहतो. कसं ते मुळापासून सांगतो.

आधी वेल काय मागतो

कारल्याच्या वेलाला उष्ण हवा लागते, साधारण 25 ते 30 अंश, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने. बी कडक असतं म्हणून रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस भिजवून लावतात. आपली तांबडी जांभ्याची माती आंबट असते, त्यामुळे माती तपासून गरजेप्रमाणे चुना टाकावा लागतो, आणि पाणी साचलं तर मुळं कुजतात म्हणून गादीवाफा किंवा उतार हवाच. लावल्यापासून 55-60 दिवसांत पहिला तोडा येतो आणि मग दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहावं लागतं. हे दोन-तीन दिवस लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावरच बरंच काही अडणार आहे.

एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे देठाला इवलंसं कारलं आधीच दिसतं. सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात आणि नवीन माणूस घाबरतो, पण ते तसंच असतं. फुलं सकाळी लवकर उमलतात, मधमाश्या पराग नेतात, तेव्हाच फळ नीट भरतं. पराग कमी पडला तर कारलं वाकडं होतं, एका बाजूला बारीक. घरी भाजीला वाकडं कारलं चालतं पण निर्यातीच्या खोक्यात ते जात नाही, म्हणून सकाळी फवारणी करणारा माणूस मधमाशी मारून स्वतःचाच ग्रेड घालवतो. जमिनीवर लोळणारा वेल पण चालत नाही, मांडव किंवा तारेची ताटी हवी, म्हणजे फळ हवेत लोंबकळतं, सरळ वाढतं आणि मातीला लागून कुजत नाही.

जातींचं म्हणाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण तारा आपल्या हवेला धरून काढलेली आहे, हिरवी, काटेरी, दोन्ही टोकांना निमुळती. आखातातल्या भारतीय आणि पाकिस्तानी गिऱ्हाईकाला साधारण असंच गडद हिरवं काटेरी कारलं हवं असतं. चिनी पद्धतीचं लांब, फिकट, गुळगुळीत उंचवट्याचं कारलं हा वेगळा बाजार आहे. म्हणून बी घ्यायच्या आधी माल कोणाला जाणार ते विचारा.

माशी नेमकं करते काय

ह्या माशीला वेलवर्गातली फळमाशी म्हणतात, म्हणजे काकडी, दोडका, पडवळ, चिबूड, कारलं ह्यांच्यावर जगणारी. मादी कोवळ्या फळाला सुईसारखा अवयव टोचून सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि आतला गर खातात. बाहेरून बारीकसं टोचल्याचं चिन्ह, कधी चिकट थेंब, बाकी फळ छान हिरवं. मोठी झाली की अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते, तिथे कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी वर येते.

ह्यातच सगळी अडचण आहे. अंडी सालीखाली, अळी गरात, कोष मातीत, मग फवारणी लागणार कोणाला? फक्त उडत्या माशीला, आणि ती तर शेजारच्या मळ्यातून परत येतेच. म्हणून उपाय वेगळे आहेत. क्यू ल्यूर नावाचं आमिष लावलेले सापळे नर माशांना ओढतात, गुळाच्या किंवा प्रथिनांच्या आमिषात औषध घालून ठेवलं तर माद्याही येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किडलेलं फळ बांधावर न फेकता खोल पुरायचं किंवा बंद प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवून अळी मारायची. बांधावर फेकलेल्या एका कारल्यातून कितीतरी माश्या तयार होतात, हे लोकांच्या डोक्यात शिरतच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ह्या कामाला पैसा लागत नाही, फक्त सवय लागते.

दुकानात सापळा मागताना एक गोष्ट सांभाळा. आंब्याच्या फळमाशीचा सापळा मिथाईल युजेनॉलचा असतो, मानकुराद आंबेवाल्यांकडे तोच असतो, आणि कारल्यावरची माशी त्याच्याकडे येत नाही. वेलवर्गासाठी क्यू ल्यूर असंच नाव घेऊन मागा.

आणि हे काम एकट्याने होत नाही. आपण घरातल्या बादल्या, कुंड्या सगळं कोरडं ठेवलं आणि शेजारच्याच्या टायरात पाणी साचलेलं असलं तर डेंग्यूचा डास आपल्यालाही चावतो, तसंच आहे हे. दहा मळ्यांतल्या नऊ जणांनी सापळे लावले आणि एकाने किडकी दोडकी ओहळाच्या काठाला टाकली तर नऊ जणांची मेहनत अर्धी होते.

करार झाला, कर गेला, मग माल का थांबतो?

कारण कर आणि किडीची अट ही दोन वेगळी दारं आहेत. कर म्हणजे सीमेवर द्यायचा पैसा, करारात तो कमी होतो किंवा जातो. किडीची अट म्हणजे तुमच्या भाजीबरोबर आमच्या देशात नवीन कीड येता कामा नये, आणि ही अट लावायचा हक्क प्रत्येक देशाला जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतच दिलेला आहे. कर शून्य झाला म्हणून ही अट शून्य होत नाही.

ती पाळल्याचा कागद म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, आपण त्याला वनस्पती आरोग्य दाखला म्हणू. केंद्राची वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) यंत्रणा किंवा तिने अधिकार दिलेला राज्याचा कृषी अधिकारी माल तपासून तो देतो. त्यावर सही म्हणजे भारत सरकारने त्या देशाला दिलेला शब्द असतो की ह्या मालात तुम्ही सांगितलेली कीड नाही. तिकडे खोकं उघडल्यावर एक अळी निघाली तर तो पूर्ण माल नष्ट होतो किंवा परत येतो, आणि खर्च पाठवणाऱ्याचा.

युरोपने काय केलं ते बघा

2014 च्या 1 मे पासून युरोपियन युनियनने भारतातून येणारा आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. आंब्यामुळे बातमी झाली, हापूस हापूस म्हणून टीव्हीवर आठवडाभर चाललं, पण त्या चार भाज्यांत वांगं, अळू, पडवळ आणि कारलं होतं हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. कारण काय, तर आदल्या वर्षी 2013 मध्ये भारतातून गेलेल्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना त्याहून जास्त थांबावं लागलं.

मग 14 डिसेंबर 2019 पासून दुसरा नियम आला आणि तो जास्त कडक आहे. थ्रिप्स पाल्मी नावाचा एक फुलकिडा आहे, जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळसर, कारल्याच्या काट्यांच्या आणि खाचांच्या मधे लपला तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. हा किडा ज्या देशात आहे आणि तिथे त्याच्यावर खात्रीचा उपाय होत नाही असं मानलं जातं, त्या देशांतून मोमोर्डिका ह्या कुळातली फळं युरोपने धोकादायक यादीत टाकली, धोक्याचा अभ्यास होईपर्यंत प्रवेश नाही. हा फुलकिडा भारतात आहे. आणि मोमोर्डिका म्हणजे फक्त कारलं नव्हे, आपली पावसाळ्यातली फागलां (कर्टोली) पण त्याच कुळातली, तेव्हा फागलां युरोपला पाठवून पैसे करू म्हणणाऱ्यांनी पण हे वाचावं.

म्हणून ताज्या कारल्यासाठी युरोप हा पहिला बाजार धरून कोणी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या देशाने उपाय करून पुरावे दिले त्याचा स्वतंत्र विचार होतो, पण ते काम देशाच्या पातळीवर चालतं, एका शेतकऱ्याच्या हातात ते नाही.

मग हे कोणाला जमलंय का? जमलंय

जपानचा ओकिनावा बघा. बेटं, समुद्र, पर्यटन, आणि लोकांच्या रोजच्या जेवणात कारलं, तिथे त्याला गोया म्हणतात. ही वेलवर्गातली माशी 1919 मध्ये त्यांच्या दक्षिणेकडच्या बेटांवर दिसली आणि पसरत गेली. परिणाम असा की स्वतःच्याच देशात, जपानच्या मुख्य भूमीवर, ओकिनावाचं ताजं कारलं पाठवायला मनाई.

1972 मध्ये त्यांनी काम सुरू केलं. कारखान्यात माश्या वाढवायच्या, किरणोत्सर्गाने नर नपुंसक करायचे आणि ते हेलिकॉप्टरने सोडायचे. हे नर माद्यांशी जुळतात पण अंड्यांतून काही निघत नाही, पिढी दर पिढी माशी कमी होत जाते. आधी कुमे नावाच्या एका बेटावर करून बघितलं, मग एकेक बेट घेत गेले, अब्जावधी माश्या सोडल्या, आणि 1993 मध्ये आख्खा ओकिनावा ह्या माशीपासून मुक्त झाला. त्यानंतर गोया जपानभर जायला लागलं आणि आज तिथल्या सुपरमार्केटात ती ओळखीची भाजी आहे. वीस वर्षं लागली, पण ज्या भाजीला बंदी होती तीच त्या प्रदेशाची ओळख झाली.

आता कोणी म्हणेल, मग गोव्यात पण करा की. इथे फरक आहे. त्यांच्या चारी बाजूंना समुद्र, आपल्याला एकाच बाजूला. बांद्याहून, कारवारहून, चोर्ला आणि अनमोड घाटातून रोज भाजीचे ट्रक येतात आणि त्यात किडकी फळं असतातच, तेव्हा पूर्ण राज्यातून माशी घालवणं मला शक्य वाटत नाही. शक्य आहे ते लहान प्रमाणात, म्हणजे एक वाडा किंवा एक खोरं धरून माशी अगदी कमी ठेवायची आणि सापळ्यात दर आठवड्याला किती आल्या त्याची वही लिहायची. किंवा बारीक जाळीचं शेडनेट उभारून आत कारलं घ्यायचं. जाळीचा खर्च आहेच, शिवाय माशी आत येत नाही तशी मधमाशीही येत नाही, म्हणजे रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावत फिरावं लागतं. ज्या घरात सकाळी दोन माणसं मोकळी आहेत तिथेच हे जमेल.

पण औषध मारलं की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कारल्याचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी. बहुतेक कीटकनाशकांना फवारणीनंतर तोडणीपर्यंत काही दिवस थांबायची मुदत असते, ती बाटलीवर लिहिलेली असते. मुदत पाच किंवा सात दिवसांची असली तर मधले दोन तोडे टाकून द्यावे लागतील, आणि कोणी टाकत नाही, भाजी बाजारात जाते. परदेशात मात्र तपासणी होते. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते, म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. आखाती देशांतही औषधाचे अंश तपासले जातात. फवारलेलं कारलं आपण आपल्याच पोरांना घालतोय हा मुद्दा निर्यातीपेक्षा मोठा आहे, पण दोन्हीचं उत्तर एकच, सापळे, स्वच्छता, आणि औषध अगदीच लागलं तर मुदत पाळून आणि संध्याकाळी.

आखात जवळ आहे, पण हिशोब करा

दुबई, मस्कत, दोहा इथे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो असे सगळे कारलं खाणारे लोक आहेत, त्यामुळे मागणी खरी आहे. आरोग्य दाखला इथेही लागतो. शिवाय निर्यातदाराकडे आयात-निर्यात कोड लागतो आणि अपेडाकडे नोंदणी लागते. अपेडा म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था. शेतकऱ्याने हे सगळं स्वतः करायची गरज नाही, सुरुवातीला मुंबईतल्या किंवा इथल्या निर्यातदाराला माल देणं शहाणपणाचं.

गोव्यातली शेतं लहान, म्हणून मालाचं गणित आधी मांडू. समजा पाचशे चौरस मीटरचा मळा आहे. हेक्टरी 20 टन असं चांगलं पीक धरलं तर हंगामात एक टन, आणि वीस तोडे झाले तर एका तोड्याला 50 किलो, त्यातून वाकडी, पिवळी, टोचलेली काढली की हातात 30-35 किलो उरतात. निर्यातदाराला एका खेपेला एक टन पाहिजे असेल तर असे तीसेक मळे एकाच दिवशी तोडायला हवेत, एकाच जातीचे, एकाच मापाचे. एकट्याने हे होणं नाही, गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी करावी लागते. आणि खोकं कुठल्या मळ्यातलं ते कळायला प्रत्येक मळ्याला नंबर पाहिजे, नाहीतर एकाच्या किडीने तीस जणांचं नाव जातं.

विमानाचं भाडं हा दुसरा भाग. मालाचं वजन आणि त्याने अडवलेली जागा ह्यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. जागेसाठी खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागतात. अर्धं रिकामं खोकं म्हणजे हवेचं भाडं. निर्यातदार भाव सांगताना एफओबी म्हणाला तर तो विमानात किंवा जहाजात माल चढेपर्यंतचा भाव, पुढचं भाडं घेणाऱ्याचं. भाव ठरवताना एवढं नक्की विचारा की माल तिकडे नाकारला तर नुकसान कोणाचं, आणि ते लिहून घ्या.

तोडल्यावरचे पहिले चार तास

कारलं सकाळी तोडायचं, कोवळं, फुल उमलल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आतलं, बी कडक व्हायच्या आधी. सावलीत ठेवायचं आणि लवकर थंड करायचं. साठवणीला 10 ते 12 अंश बरे, त्याखाली गेलं तर सालीवर खड्डे पडतात आणि फळ पाणचट होतं, म्हणजे मासळीच्या बर्फाच्या गाडीत एका कोपऱ्यात टाकून पाठवायची ही वस्तू नव्हे. पिकलेली केळी किंवा आंब्याजवळ तर अजिबात ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि कारलं पिवळं पडून फुटतं, आतलं लाल बी दिसायला लागतं. नीट ठेवलं तर दहा-बारा दिवस टिकतं.

सुकवून किंवा डायबेटीसचं औषध म्हणून विकलं तर?

चकत्या करून फ्रोझन किंवा सुकवून पाठवणं हा चांगला रस्ता आहे, कारण वाकडं कारलं पण वापरात येतं. त्याला अन्न प्रक्रियेचे नियम लागतात, युनिट लागतं, ते महिला गटाला किंवा सहकारी सोसायटीला जमण्यासारखं आहे.

पण डायबेटीस बरा होतो असं पाकिटावर छापू नका. कारल्यात साखरेवर परिणाम करणारी द्रव्यं आहेत असं संशोधन सांगतं, पण कोक्रेन ह्या संस्थेने 2012 मध्ये माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा औषध म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याने वर कारल्याची पावडर भरपूर घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. माल खपवण्यासाठी कोणाच्या जिवाशी खेळू नये.

मग आधी गोव्यातच का नाही?

हाच माझा सल्ला आहे. आपल्याकडची बरीच भाजी बेळगावहून येते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर आपण तीच घेतो, आणि हे महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही भाजी घेतं. हॉटेलांना औषधाचे अंश नसलेली, एकसारखी भाजी हवी असते. तीस मळ्यांचा गट करून सापळ्यांची वही, मळ्यांचे नंबर, फवारणीची नोंद हे सगळं निर्यातीसारखंच ठेवा आणि दोन हंगाम माल म्हापसा, मडगाव आणि हॉटेलांना द्या. दोन हंगामांत कळेल की टोचलेली फळं शेकड्याला किती निघतात. ते प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं तर निर्यातदाराला बोलवा आणि वही त्याच्यासमोर ठेवा, नाही आलं तर निदान परदेशी खोकं नाकारल्याचं नुकसान तरी झालेलं नसेल.

सुरुवात भाताची कापणी झाल्यावर करा, पाऊस पूर्ण गेल्यावर. पावसाळी पिकाला केवडा हा पानांचा रोग फार येतो आणि भर पावसात मधमाश्याही फिरत नाहीत. सप्टेंबरातच माती तपासून घ्या, जुन्या गोव्याच्या किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बी आणि सापळ्यांचं बोलून घ्या, आणि बी लावायच्या आधी वाड्यावरच्या प्रत्येकाला, कारलं न लावणाऱ्यालाही, एकदा बसवून सांगा की किडकं दोडकं, काकडी, चिबूड ओहळात टाकायचं नाही.